हुकूमनामा आहे, दरखास्त कुठे लावायची?

साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात माझी तीस वर्षं बांध, वाटप आणि वहिवाटीच्या दाव्यांत गेली. या कामात पक्षकाराला सगळ्यांत आधी दोन कागदांमधला फरक समजावून सांगावा लागतो. दावा जिंकला की हातात पडतो तो हुकूमनामा. समोरच्यानं तो मुकाट्यानं मानला तर प्रश्न मिटला. नाही मानला तर पुन्हा कोर्टात जाऊन दरखास्त लावायची, म्हणजे झालेल्या निकालाची बजावणी मागायची. मग बेलीफ निघतो, ताबा घेतो, लागला तर पोलीस बंदोबस्त मिळतो. हुकूमनामा हातात असून दरखास्तीत दहा-दहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोरेगाव तालुक्यातले एक आबा त्यांपैकीच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' या जपानी संघटनेला शांततेचं नोबेल जाहीर झालं, ती बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. पुढची तारीख पडल्यावर आम्ही कोर्टाबाहेर चहाला थांबलो, तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, शेजाऱ्यानं माझ्या बांधावर नांगूर घातला तर त्येच्यावर मनाई हुकूम मिळतो. मग ह्या बाँबवर का न्हाई मिळत?"

मी म्हटलं, आबा, मागितलाय की लोकांनी. एकदा नाही, बऱ्याचदा मागितलाय. त्या दिवशी अर्ध्या तासात त्यांना जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी हा कायदा येतो कुठून ते पाहू. जगाला एक संसद नाही, त्यामुळे सगळ्यांसाठी कायदा करणारं कुणी वर बसलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचे मुख्य झरे दोन. पहिला करार. देशादेशांनी सही करून लिहून दिलेलं, खरेदीखतासारखं, सही केलेल्यावर बंधनकारक. दुसरा झरा आमच्या शेतकऱ्यांना पुस्तकी विद्वानांपेक्षा लवकर कळतो, तो म्हणजे वहिवाट. एखाद्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या लोक आपला हक्क समजून जात राहिले की कागद नसला तरी ती वाट कायद्यानं टिकते. देशांचंही तसंच आहे. एखादी गोष्ट बंधन म्हणून सगळे दीर्घकाळ पाळत आले की तो नियम होतो, आणि सही न केलेल्यालाही लागू होतो.

युद्धाचेही असे नियम आहेत. लढणारा सैनिक आणि घरातलं माणूस यांत फरक करा. शत्रूला निष्कारण यातना होतील अशी शस्त्रं वापरू नका. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी शरीरात शिरून फुलणारी गोळी बनवली, ती १८९९ मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या परिषदेत बेकायदा ठरली. त्याच परिषदेत आणखी एक वाक्य मंजूर झालं, ते पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. त्याचा आशय असा, की एखाद्या गोष्टीबद्दल करारात काही लिहिलेलं नसलं तरी माणसं उघड्यावर पडत नाहीत. माणुसकीचे नियम आणि लोकांचा सदसद्विवेक त्यांचं रक्षण करतो. हे वाक्य सुचवणाऱ्या मार्टेन्स या रशियन मुत्सद्द्याच्या नावानं ते ओळखलं जातं. कायद्याच्या कागदात 'लोकांचा सदसद्विवेक' हा शब्द येणं ही लहान गोष्ट नाही. नव्वद वर्षांनी काही साध्या माणसांनी याच शब्दाला हात घातला.

पण अणुबाँब बेकायदा आहे हे म्हणणारं पहिलं कोर्ट हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय नव्हतं. ते होतं टोकियोचं जिल्हा कोर्ट. बाँबहल्ल्यातून वाचलेल्या पाच जणांनी १९५५ मध्ये दावा लावला, आणि तो जपान सरकारवरच लावला. कारण असं, की १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता करारात जपाननं आपल्या नागरिकांचे अमेरिकेविरुद्धचे हक्क सोडून दिले होते. ज्यानं आमचा हक्क सोडला त्यानंच भरपाई द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद. वादींपैकी एकाच्या नावावरून हा खटला शिमोदा खटला म्हणून ओळखला जातो. आठ वर्षांनी, ७ डिसेंबर १९६३ ला निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, की संरक्षण नसलेल्या शहरांवर असा सरसकट हल्ला करणं, आणि विषारी वायूपेक्षाही जास्त यातना देणारं शस्त्र वापरणं, हे त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन होतं. मात्र भरपाई मिळाली नाही. हा कायदा देशांमधला आहे, एकट्यादुकट्या माणसाला त्याखाली पैसे मागता येत नाहीत, असं ठरलं. पीडितांना मदत करणं हे सरकारचं आणि संसदेचं काम आहे असं सांगताना न्यायाधीशांनी राजकारणाच्या दारिद्र्याबद्दल खंतही नोंदवली.

दावा फेटाळला, पण मुद्दा वादीच्या बाजूनं निघाला. असे निकाल आमच्याही कोर्टात लागतात. पक्षकार रडत घरी जातो आणि वीस वर्षांनी दुसरा कुणीतरी त्याच निकालपत्राचा आधार घेऊन जिंकतो.

आता हेगकडे येऊ. तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पंधरा न्यायाधीश असतात. वादी म्हणून फक्त देशच उभा राहू शकतो. तुम्ही-आम्ही नाही, संस्थाही नाही. पण एक बाजूचा दरवाजा आहे. संयुक्त राष्ट्रांची आमसभा किंवा तिच्याशी जोडलेली काही मंडळं न्यायालयाकडे कायद्याचा प्रश्न विचारून मत मागू शकतात. आपल्याकडे राष्ट्रपती घटनेच्या कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागतात, तसंच. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या हॅरॉल्ड एव्हन्स नावाच्या निवृत्त दंडाधिकाऱ्यांना हा दरवाजा दिसला. १९८७ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या देशांच्या पंतप्रधानांना खुली पत्रं लिहिली, की अण्वस्त्रं कायदेशीर आहेत का हे न्यायालयाला एकदा विचारा तरी. त्या पत्रांतून चळवळ उभी राहिली. वकिलांची, डॉक्टरांची आणि शांततावाद्यांची आंतरराष्ट्रीय मंडळं एकत्र आली आणि १९९२ मध्ये जिनिव्हात तिला रीतसर सुरुवात झाली.

या मंडळींनी देशादेशांच्या प्रतिनिधींचे उंबरे झिजवले. मार्टेन्सचं ते वाक्य धरून लोकांच्या सदसद्विवेकाचे जाहीरनामे गोळा केले. सह्यांची संख्या तीस लाखांच्या वर गेली, त्यांतल्या बहुतांश जपानमधल्या. कायद्यानं जर लोकांच्या सदसद्विवेकाला किंमत दिली आहे, तर तो सदसद्विवेक काय म्हणतो याचा लेखी पुरावा हा असा, हे त्यामागचं डोकं. मला वकील म्हणून या युक्तीचं फार कौतुक वाटतं. मोर्चा आणि पुरावा यांतलं अंतर त्यांनी ओलांडलं.

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रश्न पाठवला. तो हा तुमच्या कामाच्या कक्षेतला विषय नाही म्हणून न्यायालयानं नंतर बाजूला ठेवला. पण डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेनंही तसाच प्रश्न विचारला होता, आणि त्यावर ३० ऑक्टोबर १९९५ पासून तोंडी सुनावणी सुरू झाली. हिरोशिमाचे महापौर ताकाशी हिराओका आणि नागासाकीचे महापौर इच्चो इतो हेगमध्ये न्यायाधीशांसमोर उभे राहिले. आणि मार्शल बेटांवरून लिजॉन एकनिलँग आल्या.

त्यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मार्शल बेटं म्हणजे प्रशांत महासागरातला ठिपक्यांचा देश. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमाच्या बाँबच्या हजारपट ताकदीचा होता. लिजॉन तेव्हा आठ वर्षांच्या, राँगेलाप बेटावर. आकाशातून पांढरी राख पडली, पोरं तिच्यात खेळली. त्यांना बेटावरून हलवलं ते दोन दिवसांनी. न्यायाधीशांना त्यांनी आपले सात गर्भपात सांगितले. हाडं नसलेली, पारदर्शक कातडीची, आतला मेंदू आणि हृदय दिसणारी बाळं तिथल्या बायकांच्या पोटी कशी जन्मली आणि एखाद-दोन दिवसांत कशी गेली, तेही सांगितलं. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, चाचणी होती नुसती.

८ जुलै १९९६ ला मत जाहीर झालं. त्याचे तीन भाग नीट ध्यानात घ्यावेत, कारण पेपरात त्याची नेहमी अर्धीच गोष्ट येते. न्यायालय म्हणालं, अण्वस्त्रांवर सरसकट बंदी घालणारं विशिष्ट कलम आज कुठल्याही करारात किंवा वहिवाटीत सापडत नाही. तरीही युद्धाच्या नियमांशी ताडून पाहता अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी साधारणतः बेकायदाच ठरेल. पण देशाचं अस्तित्वच धोक्यात असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणाच्या वेळी काय, याचं ठाम उत्तर आम्हाला देता येत नाही.

ही शेवटची दोन वाक्यं मिळून दुसरा भाग. त्यावर चौदा न्यायाधीश सात-सात असे विभागले (पंधराव्यांचं सुनावणीच्या सुमारास निधन झालं होतं), आणि अध्यक्ष मोहम्मद बेजावी यांच्या निर्णायक मतानं ते मंजूर झालं. 'सात-सात' ऐकलं की वाटतं, निम्मे न्यायाधीश बाँबच्या बाजूनं होते. तसं नाही. विरोधात मत देणाऱ्या सातांपैकी तिघांचा आक्षेप उलटा होता. टोकाच्या परिस्थितीची ही फटसुद्धा का ठेवली, कोणत्याही परिस्थितीत बेकायदा असं म्हणा, असा. म्हणजे चौदांपैकी दहा जण बंदीच्या बाजूला झुकलेले होते. त्या तिघांतले एक श्रीलंकेचे ख्रिस्तोफर वीरमंत्री. युद्धाच्या मर्यादा ही काही युरोपची देणगी नाही, हे दाखवताना त्यांनी आपल्या भिन्नमतपत्रात रामायण-महाभारताचे दाखले दिले. शस्त्र न घेतलेल्यांनाही संपवील असं अस्त्र वापरण्यापासून राम लक्ष्मणाला रोखतो. अर्जुनाकडे पाशुपतास्त्र असतं, पण युद्ध साध्या शस्त्रांनी चाललेलं असताना तो ते बाहेर काढत नाही. कीर्तनात ऐकलेली गोष्ट हेगच्या निकालपत्रात वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

तिसरा भाग मात्र एकमतानं झाला. एकही न्यायाधीश विरोधात नव्हता. सद्हेतूनं वाटाघाटी करणं, आणि नुसत्या सुरू करणं नव्हे तर त्या संपूर्ण अण्वस्त्रमुक्तीपर्यंत पूर्ण करणं, हे बंधन आहे. हे बंधन मुळात १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारातलं. त्या करारात एक सौदा होता. १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेले पाच देश अण्वस्त्रधारी म्हणून धरले जातील, बाकीचे अण्वस्त्रं बनवणार नाहीत, आणि बदल्यात ते पाचही आपली शस्त्रं संपवण्याच्या वाटाघाटी करतील. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी आपली बाजू पाळली. पाचांनी १९७० पासून आजवर पाळलेली नाही. भारत या करारात कधीच गेला नाही, तो भेदभावाचा आहे म्हणून. आणि तो आक्षेप खोटा नव्हता.

आबांनी इथे मला अडवलं. "म्हंजी निकाल झाला. मग दरखास्त?"

दरखास्त नाही. एक तर तो हुकूमनामाच नव्हता, मत होतं. आणि हेगच्या न्यायालयाला बेलीफ नाही. निकालाच्या बजावणीसाठी सुरक्षा परिषदेकडे जाता येतं, पण तिथे नकाराधिकार असलेले पाच देश म्हणजे तेच पाच अण्वस्त्रधारी.

तरीही मार्शल बेटांनी प्रयत्न केला. २४ एप्रिल २०१४ ला त्या देशानं, परराष्ट्रमंत्री टोनी डीब्रुम यांच्या पुढाकारानं, अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल आणि उत्तर कोरिया या नऊही अण्वस्त्रधारी देशांवर दावे लावले. पैसा मागितला नाही. वाटाघाटींचं बंधन पाळा, एवढंच मागणं. पण हेगमध्ये प्रतिवादीची संमती असल्याशिवाय अधिकारक्षेत्र येत नाही. आधीपासून न्यायालयाचं अधिकारक्षेत्र काही अटींसह मान्य केलेले तीनच देश होते, ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. म्हणून बाकीचे सहा सुटले आणि हे तीन दावे चालले. भारतानं सांगितलं, की आम्ही प्रसारबंदी करारात नाही आणि मार्शल बेटांशी आमचा वादच नाही.

५ ऑक्टोबर २०१६ ला तिन्ही दावे दारातच फेटाळले गेले. कारण काय, तर 'दाव्यास कारण' घडलं नाही. दावा लावण्याआधी या देशांत आणि मार्शल बेटांत वाद आहे हे प्रतिवादींना माहीत असायला हवं होतं, ते दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. भारत आणि पाकिस्तानच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात, ब्रिटनच्या बाबतीत आठ-आठ आणि अध्यक्षांचं निर्णायक मत. मूळ मुद्द्यावर सुनावणीच झाली नाही. मला हा निकाल पटत नाही. नोटीस नीट दिली नाही म्हणून दावा काढून टाकण्याचा प्रकार आमच्याकडेही होतो, पण तिथे नवी नोटीस देऊन परत येता येतं. न्यायालयानं इतका कोरा तांत्रिक मुद्दा याआधी असा क्वचितच ताणला होता.

मग उरली ती पहिली गोष्ट: विशिष्ट कलम नाही. तर ते कलम लिहू या, असं अण्वस्त्रं नसलेल्या देशांनी आणि नागरी संघटनांनी ठरवलं. ७ जुलै २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रबंदी करार १२२ मतांनी मंजूर झाला. विरोधात एकटा नेदरलँड्स, तटस्थ सिंगापूर. त्यासाठी झटणाऱ्या 'आयकॅन' या संघटनांच्या जाळ्याला त्याच वर्षी नोबेल मिळालं. पन्नासाव्या देशाची, होंडुरासची, मान्यता आल्यावर २२ जानेवारी २०२१ ला करार लागू झाला. आज सत्तरहून अधिक देश त्याला बांधील आहेत. अण्वस्त्रं बनवणं, बाळगणं, त्यांची चाचणी घेणं, दुसऱ्याची आपल्या भूमीवर ठेवू देणं, वापरणं, वापराची धमकी देणं, सगळ्याला मनाई. स्फोटांनी आणि चाचण्यांनी बाधित झालेल्यांना मदत आणि नासलेल्या जमिनीची साफसफाई हेही त्यात आहे. टोकियोच्या त्या पाच वादींना जे मिळालं नाही, ते निदान कलम म्हणून लिहिलं गेलं.

नऊ अण्वस्त्रधारींपैकी एकानंही सही केलेली नाही. जगात आज बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत, आणि ती सगळी या नऊ देशांकडे. "मग ह्येचा उपेग काय?" आबांनी विचारलंच.

मी त्यांना विषारी वायूचं उदाहरण दिलं. १९२५ च्या जिनिव्हा करारानं रासायनिक शस्त्रं वापरायला बंदी केली, पण साठे ठेवायला मुभा होती. १९९३ च्या करारानं साठ्यांवरही बंदी आणली, आणि मुख्य म्हणजे हेगमध्ये एक तपासणी यंत्रणा उभी केली, जिचे निरीक्षक देशात येऊन कोठारं मोजतात. भारतानंही आपला साठा जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट केला. जाहीर झालेल्या साठ्यांतला शेवटचा, अमेरिकेचा, २०२३ मध्ये संपला. १९२५ ते २०२३. वापर अधूनमधून झाला, सीरियात झाला, पण आज कुठलंही सरकार छाती ठोकून 'आमच्याकडे विषारी वायू आहे' म्हणत नाही. आधी नियम आला, बेलीफ नंतर नेमला गेला. हेही खरं, की वाट उलटी फिरू शकते. २०२५ मध्ये रशियाच्या सीमेवरच्या काही युरोपीय देशांनी भूसुरुंगबंदी करारातून बाहेर पडायचं ठरवलं. भीती वाढली की कायदा मागे ढकलला जातो, हे मी नाकारणार नाही.

साताऱ्याहून पाचेक किलोमीटरवर क्षेत्र माहुली आहे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. रामशास्त्री प्रभुणे तिथले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसला, आणि रामशास्त्रींनी त्यालाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, नि पुणं सोडलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ती शिक्षा कुणी बजावली नाही. बजावणारा फौजफाटा आरोपीच्याच हाताखाली होता. पण त्यानंतर बारभाईंनी राघोबाला पुण्याबाहेर ठेवलं ते खुनी म्हणूनच. सुरक्षा परिषदेतले पाच आठवले की मला माहुलीचा घाट आठवतो.

चहाचे पैसे देताना आबांनी शेवटचं विचारलं, "आपला भारत कुणाच्या बाजूनं हुता?"

हे सांगायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मार्च १९५४ च्या त्या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिलला, चाचण्या थांबवा अशी मागणी पंडित नेहरूंनी लोकसभेत केली. जगात ती करणाऱ्या पहिल्यांपैकी ते होते. १९८२ पासून अण्वस्त्रांच्या वापरावर बंदी घालणारा करार करावा असा ठराव भारत आमसभेत मांडत आला आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी अण्वस्त्रमुक्त जगाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. १९९८ मध्ये आपण पोखरणला स्फोट केले. २००३ च्या धोरणात पहिला वापर करणार नाही असं लिहिलं, पण आपल्यावर वापर झाला तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ असंही लिहिलं. २०१७ च्या कराराच्या वाटाघाटींना आपण गेलो नाही. दोन्ही शेजारी अण्वस्त्रधारी आहेत, त्यामुळे सरकारची अडचण मला कळते. माझ्या गावातली पोरं सीमेवर आहेत.

पण जून १९९५ मध्ये हेगच्या त्या सुनावणीसाठी भारतानं लेखी कैफियत दिली होती. तिच्यात म्हटलं आहे, की अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे. आधी समोरच्यानं अण्वस्त्र वापरलं, म्हणून उत्तरादाखल केलेला वापरसुद्धा बेकायदा.

आबांनी ते वाक्य मला दोनदा सांगायला लावलं. "ही आपल्या सरकारची सही हाय?" मी हो म्हटलं. कोर्टाच्या दप्तरात ती कैफियत आजही आहे, आणि ज्याला वाचायची त्याला वाचता येते.